साक्ष आणि युक्तिवाद : डार्विनचा ग्रंथ व मेंडेलचा अहवाल

देवविद्येच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासण्याचे काम ज्यांच्याकडे येते त्यांस एक गोष्ट वारंवार आढळून येते. प्रबंधाचा बाह्य आकार शास्त्रीय अहवालाचा असतो. आरंभी उद्दिष्ट, मग पद्धती, त्यानंतर प्रश्नावली व कोष्टके, आणि अखेरीस निष्कर्ष. परंतु चार पाने वाचताच ध्यानी येते की, निष्कर्ष लेखकाच्या मनात पहिल्या दिवसापासून ठरलेला होता व कोष्टके मागाहून त्याच्या सेवेस बोलाविण्यात आली. ह्याच्या उलट काही प्रबंध युक्तिवाद म्हणून आरंभ करतात, परंतु त्यांत सिद्ध करावयाची प्रतिज्ञाच सापडत नाही. एका पंडिताचे मत, दुसऱ्याचे मत, तिसऱ्याचे मत, अशी नोंदवही भरून लेखक थांबतो. हे लेखक आळशी असतात असे मुळीच नव्हे. शास्त्रीय अहवाल व युक्तिवादपर प्रबंध हे दोन निराळे लेखनप्रकार आहेत, आणि त्या प्रत्येकात लेखक वाचकाशी निराळा करार करीत असतो, हे त्यांस कोणी नीट समजावून सांगितलेले नसते.

हा भेद नियमांच्या यादीने सांगता येईल, परंतु यादी पाठ होते आणि भेद मात्र मनात उतरत नाही. म्हणून आम्ही येथे दोन प्रसिद्ध लेखनकृती शेजारी ठेवून वाचावयाचे योजिले आहे. पहिली, १८५९ साली प्रसिद्ध झालेला चार्ल्स डार्विन ह्यांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ. दुसरी, १८६६ साली प्रसिद्ध झालेला ग्रेगोर मेंडेल ह्यांचा वाटाण्याच्या संकरावरील निबंध. दोहोंचा विषय सजीवांतील साम्य व भेद हाच आहे. दोन्ही लेखकांचा धर्मशिक्षणाशी संबंध आला होता. डार्विन केंब्रिज येथे पाळकाच्या सेवेस जावे अशा अपेक्षेने शिकले, आणि मेंडेल हे ब्रनो येथील सेंट थॉमस मठातील ऑगस्टिनियन संन्यासी होते व पुढे १८६८ साली त्या मठाचे अधिपती झाले. आमच्या वर्गांतून ही दोन नावे बहुधा श्रद्धेच्या बाजूने वा श्रद्धेच्या विरुद्ध म्हणून उच्चारली जातात. तो वाद येथे बाजूस ठेवून, ह्या दोघांनी आपले म्हणणे कागदावर कसे मांडले एवढेच आम्ही पाहणार आहोत.

१

युक्तिवाद आम्हां भारतीयांस परका नाही. न्यायशास्त्राने त्याची पाच अंगे सांगितली : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. ह्यांत प्रतिज्ञा सर्वांआधी येते ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. डोंगरावर अग्नी आहे, हे विधान करूनच बोलणारा आरंभ करतो, व मग धुराकडे बोट दाखवितो. आपण कोणत्या गावी निघालो आहो हे वाचकाला पहिल्या पावलापासून ठाऊक असते. त्यात लबाडी नाही, कारण काही लपविलेले नाही.

परंतु अशा मांडणीत एक धोका असतो व तो आपल्या शास्त्रकारांनी ओळखला होता. म्हणून पूर्वपक्ष मांडल्यावाचून उत्तरपक्ष मांडू नये असा दंडक पडला. तत्त्व जाणण्यासाठी केलेला तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा केवळ मोडून काढणारी ती वितंडा, असा भेदही त्यांनी केला. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत थॉमस अक्वायनस ह्यांनी हाच नियम निराळ्या वाटेने पाळला. त्यांच्या महाग्रंथातील प्रत्येक प्रश्न विरुद्ध पक्षाच्या आक्षेपांनी सुरू होतो. देवाच्या अस्तित्वाचा विचार करताना त्यांनी आरंभीच दोन आक्षेप ठेवले आहेत. जगात वाईट आहे हा एक, आणि निसर्ग व मानवी इच्छा ह्यांनी सर्व गोष्टींचा उलगडा होत असता देवाची गरज काय हा दुसरा. आजचा नास्तिकही ह्याहून फारसे निराळे बोलत नाही. विरोधकाला त्याच्या पूर्ण बळानिशी उभे करणे हीच युक्तिवादाची सचोटी होय.

मराठी माणसाच्या जीवनात ह्याचे विलक्षण उदाहरण नीळकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांचे आहे. झाशीजवळ १८२५ साली जन्मलेल्या व काशीत वाढलेल्या ह्या पंडिताने प्रथम जॉन म्यूर ह्यांच्या मतपरीक्षेला उत्तर म्हणून संस्कृतात शास्त्रतत्त्वविनिर्णय रचला व ख्रिस्ती मताचे खंडन केले. १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले, आणि १८६० साली त्यांचा षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सहा दर्शनांची परीक्षा आहे. त्यांचे निष्कर्ष मान्य असोत वा नसोत, एकाच मनुष्याने दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला, आणि दोन्ही वेळा पूर्वपक्ष त्याला आतून ठाऊक होता वा अभ्यासाने ठाऊक करून घ्यावा लागला, ही गोष्ट विद्यार्थ्याने ध्यानात धरण्यासारखी आहे.

२

डार्विन ह्यांचा ग्रंथ ह्या युक्तिवादाच्या कुळातला आहे. हे आमचे मत नव्हे. अखेरच्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी स्वतःच संपूर्ण ग्रंथ हा एक दीर्घ युक्तिवाद असल्याचे म्हटले आहे. विज्ञानाचा ग्रंथ म्हणजे अहवालच असावयाचा, असा जो समज आमच्याकडे रूढ आहे त्याला हे एक उत्तर होय.

ग्रंथाची रचना पाहावी. पहिल्या अध्यायात पाळीव प्राणी व वनस्पती आहेत. माणसाने निवड करून कबुतरांच्या किती निराळ्या जाती तयार केल्या हे वाचकाला पटवून देतात. वाचकाने एवढे मान्य केले की मग निसर्गातील भेद, जगण्यासाठी चालणारा झगडा, आणि त्यातून घडणारी नैसर्गिक निवड, अशा पायऱ्यांनी त्याला वर नेतात. पायऱ्यांचा क्रम शोधाचा नसून संमतीचा आहे. वाचक आधी काय मान्य करील ह्याचा हिशेब करून तो ठरविला आहे.

सहाव्या अध्यायात मात्र ते थांबतात आणि स्वतःच्या मतातील अडचणी मांडू लागतात. डोळ्यासारखे गुंतागुंतीचे इंद्रिय टप्प्याटप्प्याने कसे घडले असेल? मधल्या अवस्थेतील जीव का आढळत नाहीत? ज्या कामकरी मुंग्यांना संततीच होत नाही, त्यांचे गुण पुढील पिढीत कसे उतरतात? भूस्तरांतील पुरावा इतका तुटक का? हाच त्यांचा पूर्वपक्ष आहे, आणि तो दुबळा करून मांडलेला नाही. १८७१ साली कॅथलिक प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मायव्हर्ट ह्यांनी ग्रंथ लिहून त्यांच्यावर आक्षेप घेतले, तेव्हा १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत डार्विन ह्यांनी आक्षेपांच्या उत्तरांसाठी एक संपूर्ण अध्याय वाढविला. युक्तिवादपर ग्रंथ असाच वाढतो. विरोधक त्याला नवे अध्याय पुरवितो.

परंतु ह्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक कबुली आहे. प्रत्येक विधानासाठी आधार व संदर्भ येथे देता येत नाहीत, वाचकाने आपल्या अचूकपणावर काहीसा विश्वास ठेवावा, अशा आशयाचे ते लिहितात. ह्यात कमीपणा नाही. युक्तिवाद करणारा लेखक शेवटी आपल्या विवेकाची साख वाचकापुढे ठेवीत असतो. कोणती वस्तुस्थिती घ्यावी व कोणती सोडावी ही निवड त्याची असते, आणि ती निवड त्याच्या प्रतिज्ञेच्या प्रकाशात होते.

ह्या प्रकाशात काही गोष्टी उजळतात, तशा काही अंधारातही राहतात. डार्विन ह्यांनी स्नॅपड्रॅगन नावाच्या फुलझाडाच्या दोन प्रकारांचा संकर केला होता. एकाची फुले नेहमीची, दुसऱ्याची सर्व बाजूंनी सारखी. पुढील पिढीच्या १२७ रोपांपैकी ८८ नेहमीची, ३७ दुसऱ्या प्रकारची आणि २ मधल्या स्वरूपाची निघाली. हे आकडे त्यांनी १८६८ साली आपल्या दुसऱ्या एका ग्रंथात छापले व ते पुढे गेले. वंशपरंपरेविषयी ज्या कल्पनेच्या मागे ते होते तिला ह्या आकड्यांची विशेष गरज नव्हती. अशाच आकड्यांपाशी ब्रनोच्या मठातील संन्यासी मात्र आठ वर्षे बसून राहिला होता.

३

मेंडेल ह्यांनी आपला निबंध ८ फेब्रुवारी व ८ मार्च १८६५ रोजी ब्रनो येथील निसर्गविज्ञान मंडळापुढे दोन भागांत वाचला, आणि पुढील वर्षी तो मंडळाच्या वृत्तान्तात छापला गेला. तो वाचू लागताच निराळ्या हवेत आल्यासारखे वाटते. आरंभी कोणतीही प्रतिज्ञा नाही. प्रयोगासाठी वाटाणाच का निवडला, हे प्रथम सांगितले आहे : त्याची लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहतात, फुलाच्या रचनेमुळे परका पराग सहसा आत शिरत नाही, आणि संकरित रोपांनाही भरपूर बिया येतात. बियाण्यांचे ३४ प्रकार मिळविले, दोन वर्षे लावून त्यांची पारख केली आणि २२ प्रकार कामासाठी ठेवले, हेही सांगितले आहे.

मग हातांचे काम येते. कळी उमलण्यापूर्वी उघडावयाची, पुंकेसर चिमट्याने काढून टाकावयाचे, आणि दुसऱ्या झाडाचा पराग त्यावर लावावयाचा. कीटकांमुळे गोंधळ होतो काय हे पाहण्यासाठी काही कुंड्या फुलण्याच्या काळात काचघरात ठेवल्या, आणि १०,००० हून अधिक रोपे काळजीपूर्वक तपासता परक्या परागाची बाधा फारच थोड्या ठिकाणी दिसली, अशी नोंद आहे. युक्तिवादपर ग्रंथात असा मजकूर कंटाळवाणा ठरला असता. अहवालात तोच मुख्य होय. कारण अहवाल वाचणाऱ्याला लेखकाचे मत मान्य करावयाचे नसते. त्याला स्वतःच्या बागेत तेच काम पुन्हा करून पाहता आले पाहिजे.

त्यानंतर आकडे. २५३ संकरित रोपांपासून ७,३२४ बिया मिळाल्या. ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या. म्हणजे जवळजवळ तीनास एक. दुसरा एखादा लेखक एवढ्यावर संतुष्ट झाला असता. मेंडेल ह्यांनी मात्र लागलीच सांगितले आहे की, एकेका रोपाकडे पाहिल्यास हे प्रमाण कसेही दिसू शकते. एका रोपावर ४३ गोल व २ सुरकुतलेल्या बिया होत्या, तर दुसऱ्यावर १४ गोल व १५ सुरकुतलेल्या. आपल्या निष्कर्षाला दुरून विरोधी भासणारी ही उदाहरणे त्यांनी निष्कर्षाच्या शेजारीच ठेवली.

पुढील पिढीची परीक्षा करताना एका लक्षणाचे प्रमाण अपेक्षेपासून जरा दूर पडले. हिरव्या शेंगांच्या १०० रोपांपैकी ६० मिश्र व ४० शुद्ध निघाली. त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ६५ व ३५ आले. त्यांनी दोन्ही आकडे छापले. आणि शेवटी घेवड्यावर केलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त दिला, ज्यात फुलांच्या रंगाने वाटाण्याचा नियम पाळला नाही. फुललेल्या ३१ रोपांत पांढऱ्या फुलांचे केवळ एकच होते, जेथे वाटाण्यात चारांमागे एक यावयास हवे. हा रंग एकाहून अधिक स्वतंत्र घटकांनी बनला असावा, असा तर्क त्यांनी नम्रपणे मांडला व तो तर्क आहे हेही स्पष्ट ठेवले. पुढे हायरेशियम नावाच्या वनस्पतीने तर वाटाण्याच्या अगदी उलट वर्तन दाखविले. त्याचाही अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला.

युक्तिवादपर प्रबंधात प्रतिकूल गोष्ट आक्षेप म्हणून येते व तिला उत्तर दिले जाते. अहवालात ती नोंद म्हणून येते, आणि उत्तर नसले तरी तिला राहू द्यावे लागते. दोहोंतील मुख्य भेद आम्हांस येथे दिसतो.

४

ह्या भेदाचा खरा कस १९३६ साली लागला. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर ह्यांनी मेंडेल ह्यांचे आकडे नव्याने तपासले आणि एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आणली : हे आकडे अपेक्षेच्या फारच जवळ आहेत. त्यांचा एक मुद्दा साध्या गणिताने समजण्याजोगा आहे.

रोप शुद्ध की मिश्र हे ठरविण्यासाठी मेंडेल प्रत्येक रोपाच्या दहा बिया पेरीत. त्यांतून एक जरी अप्रभावी लक्षणाचे रोप निघाले तर मूळ रोप मिश्र, न निघाले तर शुद्ध. परंतु मिश्र रोपाच्या दहाही बियांतून केवळ प्रभावी लक्षणाचीच रोपे उगवण्याचा संभव शेकडा साडेपाचांहून थोडा अधिक असतो. म्हणजे काही मिश्र रोपे चुकून शुद्ध म्हणून मोजली जाणारच. प्रत्येकी १०० रोपांच्या अशा सहा परीक्षा मेंडेल ह्यांनी केल्या. दोनास एक हे प्रमाण धरल्यास ६०० पैकी ४०० मिश्र यावीत. परंतु ही चूक हिशेबात घेतली तर मोजणीत सुमारे ३७७ यावयास हवीत. मेंडेल ह्यांच्या अहवालात ३९९ आहेत.

ह्यावरून पुष्कळ वाद झाला. आपल्या अपेक्षा ठाऊक असलेल्या एखाद्या साहाय्यकाने मेंडेल ह्यांना फसविले असावे, असे फिशर ह्यांनी सुचविले. मेंडेल ह्यांची लबाडी कोणी सिद्ध केलेली नाही आणि त्यांचा नियम तर पुढील असंख्य प्रयोगांनी दृढ झाला आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. सत्तर वर्षांनंतर एका परक्या देशातील अपरिचित मनुष्याला ही शंका घेता आली ती कशाच्या बळावर? मेंडेल ह्यांनी ‘दहा बिया’ हा शब्दप्रयोग छापला होता, त्याच्या बळावर. ‘अनेक बिया पेरून खात्री केली’ असे त्यांनी लिहिले असते तर अहवाल अधिक सुबक झाला असता व फिशर ह्यांना बोलावयास जागाच उरली नसती. स्वतःला खोडून काढण्याचे साधन वाचकाच्या हाती देणे, हा अहवालाचा करार मेंडेल ह्यांनी पाळला. त्यांच्या आकड्यांवर डाग पडला असेल, परंतु त्यांच्या लेखनाच्या सचोटीनेच तो दिसू शकला.

५

तथापि अहवाल हा निर्दोष लेखनप्रकार आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्याची स्वतःची अशी एक असत्याची वाट आहे. १९६३ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर ह्यांनी शास्त्रीय निबंध ही एक फसवणूक तर नव्हे ना, असा प्रश्न आकाशवाणीवरील एका भाषणात उभा केला. त्यांना आकड्यांतील फसवणूक म्हणावयाची नव्हती. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा ह्या साच्यामुळे असा भास होतो की, संशोधक कोऱ्या मनाने निरीक्षणे करीत गेला व अखेरीस अर्थ आपोआप उगवला. प्रत्यक्षात मनात आधी एक कल्पना असते, अपेक्षा असते, तीच काय पाहावयाचे ते ठरविते. साचा ती अपेक्षा झाकून टाकतो, ही मेडावर ह्यांची तक्रार होती.

ही तक्रार मेंडेल ह्यांनाही लागू पडेल. आठ वर्षे वाटाणे मोजणाऱ्या मनुष्याला आपण काय शोधीत आहो ह्याची काहीच कल्पना नव्हती, हे कोण मानील? सात लक्षणे निवडतानाच एक विचार काम करीत होता. जेथे प्रमाण दूर पडले तोच प्रयोग पुन्हा करावासा वाटणे, ह्यातही अपेक्षा आहे. ‘करण्यात आले’, ‘आढळून आले’ अशी कर्त्यावाचूनची भाषा वापरली म्हणजे कर्ता नाहीसा होत नाही.

अहवालाची दुसरी उणीव इतिहासाने दाखविली. मेंडेल ह्यांच्या निबंधाच्या ४० स्वतंत्र प्रती काढण्यात आल्या होत्या. म्युनिच येथील नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली ह्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारही झाला. तरीही त्या निबंधाचे महत्त्व १९०० सालापर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, जवळजवळ कोणाच्याच ध्यानी आले नाही. १८८४ साली मेंडेल मरण पावले. ह्याच काळात डार्विन ह्यांचे मत वंशपरंपरेच्या प्रश्नावर अडखळत होते. १८६७ साली फ्लीमिंग जेन्किन ह्यांनी आक्षेप घेतला होता की, आईबापांचे गुण जर रंगांसारखे मिसळत असतील तर नवा गुण पिढ्यान्‌पिढ्या पातळ होऊन नष्टच होईल. गुण मिसळत नाहीत, ते अखंड राहून पुढे जातात, हे उत्तर ब्रनोच्या वृत्तान्तात छापलेले पडून होते. युक्तिवादाला ज्या साक्षीची गरज होती ती साक्ष दिली गेली होती, परंतु ती कोणत्या खटल्यातील आहे हे सांगणारा कोणी नव्हता.

म्हणून एक प्रकार श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. साक्षीवाचून युक्तिवाद पोकळ राहतो. युक्तिवादावाचून साक्ष मुकी राहते. दोहोंची सरमिसळ मात्र घातक आहे.

६

आता आपल्या घराकडे वळू. समजा, एखादा विद्यार्थी आपल्या मंडळीतील तरुण रविवारच्या उपासनेस का येत नाहीत ह्याचा अभ्यास करतो. हे काम अहवालाचे आहे. येथे त्याने सांगितले पाहिजे की, किती घरी गेलो, किती घरांनी उत्तर नाकारले, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, आणि विचारणारा कोण होता. पाळकसाहेबांचा मदतनीस दारात उभा राहून हा प्रश्न करील तर उत्तर एक येईल. एखादा परका करील तर दुसरे. हे न सांगता केवळ शेकडेवारी देणे म्हणजे ‘अनेक बिया पेरल्या’ असे लिहिणे होय. अशा अहवालावरून मंडळ्या निर्णय घेतात, पैसा खर्च करतात, आणि तरुण पिढीविषयी मते बनवितात. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांस उलट बोलण्याची संधी सहसा मिळत नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा कोष्टकांसही लागू आहे असे आम्ही मानतो.

ह्याउलट, बाप्तिस्म्याचा अर्थ काय, किंवा कृपा व कर्म ह्यांचा संबंध काय, हा प्रश्न प्रश्नावलीने सुटणार नाही. तेथे युक्तिवादच हवा. विद्यार्थ्याने आपली प्रतिज्ञा पहिल्या पानावर निर्भयपणे मांडावी आणि विरोधी मत इतक्या न्यायाने मांडावे की, ते मत धरणाऱ्याने वाचून ‘होय, आमचे म्हणणे हेच’ असे कबूल करावे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल प्रेषित वारंवार विरोधकाच्या तोंडचा प्रश्न स्वतःच उभा करतो व मग उत्तर देतो. ती वाट आमच्यापुढे आहेच.

पवित्र शास्त्राच्या अभ्यासात तर दोन्ही प्रकार एकाच प्रकरणात लागतात, आणि तेथेच सांधा दिसला पाहिजे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील नऊ ते वीस ही वचने सिनायटिकस व व्हॅटिकॅनस ह्या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत नाहीत. पुढील बहुसंख्य हस्तलिखितांत आहेत. हा अहवाल झाला. त्यावरून ती वचने मूळची की मागाहूनची, आणि उपासनेत त्यांचे स्थान काय, हा युक्तिवाद झाला. आपल्या मताला अडचणीचे म्हणून पहिले वाक्य गाळणारा, आणि पहिल्या वाक्यानेच दुसरा प्रश्न सुटला असे समजणारा, हे दोघेही एकच चूक करतात.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्य आम्हांस ह्या बाबतीत मार्गदर्शक वाटतो. त्याला प्रथम विचारतात तेव्हा तो घडले ते क्रमाने सांगतो : चिखल, डोळे, धुणे, दृष्टी. बरे करणारा कोठे आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही असेच तो सांगतो. परूशी मात्र निष्कर्ष हाती घेऊन आले आहेत. शब्बाथ मोडणारा देवाकडचा असणे शक्य नाही, म्हणून घटनाच घडली नसावी असे त्यांना सिद्ध करावयाचे आहे. त्याच्या आईबापांना ते बोलावितात, पुन्हा त्यालाच बोलावितात, परंतु साक्ष बदलत नाही. साक्ष अशी स्थिर राहिल्यावर, अध्यायाच्या अखेरीकडे, तो मनुष्य स्वतः युक्तिवाद करू लागतो, आणि त्या पंडितांना त्याचे उत्तर देता येत नाही. ते त्याला बाहेर घालवितात.

त्याने आधी पाहिले ते सांगितले आणि मग त्याचा अर्थ केला. दोहोंची किंमतही त्याने दिली. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत एवढा क्रम जरी आला, तरी ते तपासणाऱ्यांचे श्रम सार्थकी लागतील, आणि ज्या मंडळ्यांसाठी ते लिहिले जातात त्यांचेही हित होईल.